हळू म्हणजे किती हळू?

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. एवढं म्हटलं की हल्लीची मुलं एकमेकांकडे बघून खुदखुदतात. का, ते मला कोणी सांगत नाही. परवा जिन्यात एका मुलाने आमच्या घरच्या रुपालीला विचारलं, "ताई, पिशवीत काय आहे?" ती म्हणाली, "घंटा." तो मुलगा रागावून निघूनच गेला. त्याला उत्तर पटलं नसावं.

तर मी शाळेची घंटा. देवळात असते तशी लोलकाची नव्हे. मी काशाची जाड, गोल थाळी आहे. भाकरीहून थोडी मोठी, साडेसहा किलोची, कडेला दोरी ओवायला एक भोक. सत्तर वर्षांपूर्वी काळबादेवीमागच्या एका गल्लीत एका ओताऱ्याने मला ओतलं. मी थंड झाल्यावर त्याने मला टांगून एक दणका दिला आणि तो समाधानाने म्हणाला, "ही परळला वाजली तर भायखळ्याला ऐकू जाईल." मोठा आवाज हाच आपला गुण, अशी माझी त्या दिवशी समजूत झाली. ती पुढे बरीच वर्षं टिकली.

परळच्या एका मराठी शाळेच्या व्हरांड्यात मला टांगलं. गिरणीत काम करणाऱ्यांची मुलं तिथे शिकायची. माझ्या पहिल्या दोन शिपायांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यांचा माझ्यावर जीव नव्हता. तिसरे आले राजाराममामा. मालवणकडचे, अंगाने काटकुळे, पण उजवा दंड डाव्याच्या दीडपट. तो माझ्यामुळे झाला. चौतीस वर्षं त्यांनी मला शिसवी लाकडाच्या मोगरीने वाजवलं. "घंटा कशी हवी?" ते नव्या शिक्षकांना सांगत. "पोरगं झोपेत असलं तरी चपला घालून उठलं पाहिजे!"

दिवसातून आठ वेळा मी वाजायची. मधल्या सुटीला आणि शाळा सुटताना मुलं माझ्यावर जीव ओवाळून टाकत. गणिताच्या तासाला मात्र माझं तोंड बघत नसत. आवाज तोच बरं का! कान झाकून माझ्यासमोरून पळणारं एखादं पोर दर वर्षी असायचंच. मामा त्याला बघून मुद्दाम जास्त जोरात मारायचे. बाकीची मुलं हसायची. मलाही तेव्हा गंमत वाटायची.

मग शाळेत मुलं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी एकोणीस उरली होती. सहा वर्षांपूर्वी शाळेला कुलूप लागलं. मोठ्या बाईंनी रीतसर पत्र लिहून मला मामांच्या हवाली केलं आणि मामा मला लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत घेऊन आले.

शांतामामींनी, म्हणजे मामांच्या बायकोने, मला नखशिखांत न्याहाळलं. "ह्यां आता खंय टांगूचा? माझ्या डोक्यार?"

दोन दिवसांनी मी तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून जाऊन बसले. उंदरांना मला हलवणं जमेना, म्हणून मामी खूश होत्या. सहा वर्षांत माझं कौतुक झालं ते एवढंच. मामा समोरच खिडकीशी बसून असत. सकाळी साडेदहा वाजले की त्यांचा उजवा हात मांडीवरून आपोआप वर उठे. मग त्यांच्या लक्षात येई आणि ते त्याच हाताने डोकं खाजवत.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगते. रुपाली एका इस्पितळात मुलांचे कान तपासायची. आईबाप तक्रार घेऊन यायचे, "आमचा ऐकतच नाही हो!" रुपाली मुलाला हेडफोन लावून बसवायची, तर कान अगदी ठणठणीत. असं वर्षानुवर्षं बघून तिचं मत झालं की मुलं बहिरी नाहीत, दमलेली आहेत. आईबाप तर त्यांच्याहून दमलेले. म्हणून तिने एक अभ्यासक्रम केला, वाजवायच्या तीन काशाच्या वाट्या आणल्या आणि दर रविवारी सकाळी चाळीच्या मंडळाच्या सभागृहात वर्ग सुरू केला. मुलांनी आणि आईबापांनी अर्धा तास चटईवर पडायचं, वाट्यांचा आवाज ऐकायचा आणि अंग सैल सोडायचं. एवढंच.

खाली तिने पाटी लावली, 'कौटुंबिक नादविश्रांती. मुलांसह या.'

पहिल्याच रविवारी एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. "ह्यांचा मोबाईलचा नाद किती दिवसांत सुटेल?" दुसरीने रमीच्या नादाची चौकशी केली. रुपालीने समजावून सांगितलं, की हा तो नाद नव्हे. तोवर पहिलीचा नवरा चटईवर पडून घोरायलाही लागला होता. अर्ध्या तासाने ती बाई म्हणाली, "बारा वर्षांत हा माणूस इतका शांत बघितला नाही. पुढच्या रविवारीपण आणते."

हे सगळं मला पिंपावर बसल्या बसल्या रुपालीच्या तोंडून कळायचं. सभागृहाच्या मागच्या गल्लीत मिरच्या कुटणारे डंख, म्हणजे मसाल्याच्या गिरण्या. खिडकी उघडी राहिली की ऐन शांततेत अख्खा वर्ग शिंकायचा. रुपालीने मग सूचनाच देऊन टाकली, "श्वास आत घ्या, बाहेर सोडा, आणि शिंक आली तर येऊ द्या." घरी वेगळीच तऱ्हा. एके दिवशी ती कामावरून आली, तर सर्वांत मोठ्या वाटीत वाल भिजत घातलेले.

"आई! ती वाजवायची वाटी आहे गं!"

"वाजव मगे. पयले वालांक मोड येवंदेत."

त्या वर्गात ओवी नावाची एक सात वर्षांची मुलगी यायची. सगळी कथा तिचीच आहे म्हणा ना. ओवीला आवाज सोसत नसे. कुकरची शिट्टी, मिक्सर, लग्नाच्या वरातीतला ताशा, काहीही झालं की ती कान दाबून कोपऱ्यात जाऊन बसे. आणि राहायला परळ! तिचे बाबा विनीत आणि आई श्रेया दर गणपतीत बिऱ्हाड उचलून वसईला आत्याकडे जात. वाढदिवसाला जाणं नाही, लग्नाला जाणं नाही. नातेवाईक म्हणत, "लाडावून ठेवलीय." रुपालीच्या वर्गात ती पहिले तीन रविवार दारातच, कानांवर हात ठेवून बसली. चौथ्या रविवारी तिने एक हात खाली घेतला. पाचव्या रविवारी दुसरा. त्या दिवशी रुपाली घरी येऊन नाचायचीच बाकी होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात एका मुलाने मोठी वाटी शिरस्त्राण म्हणून डोक्यावर चढवली आणि तो जिन्यावरून लढाईला निघाला. घसरून पडल्यावर मुलाला खरचटलंसुद्धा नाही, पण वाटीला तडा गेला. वाजवली की फुटक्या मडक्यासारखी 'फट्' म्हणे.

शनिवारी रुपाली घरभर नजर फिरवत होती. ती नजर माझ्यावर येऊन थांबली.

"बाबा, आपली घंटा काशाची ना?"

"झाकण आसा ता माझा!" मामी आतून ओरडल्या.

पण मामा केव्हाच उभे राहिले होते. सहा वर्षांत त्यांना इतक्या चटकन उठताना मी पाहिलं नव्हतं. "घंटा नेतलंस तर मी वाजवतलंय. दुसऱ्या कोणी हात लावूचो नाय."

रुपाली क्षणभर घोटाळली. "चालेल. पण बाबा, हळू हं. अगदी हळू वाजवायची."

"माका कळता."

रविवारी मामा खाकी गणवेश इस्त्री करून आले. मला चिंचेने घासलं होतं, नवी दोरी ओवली होती. सभागृहात चौदा कुटुंबं चटयांवर पडलेली. ओवी बाबांच्या शेजारी, दोन्ही हात पोटावर. रुपाली मंद आवाजात म्हणाली, "डोळे मिटा. आता एक खोल, मऊ आवाज येईल." तिने मामांना खूण केली.

मित्रांनो, आपल्या भाषेत 'हळू' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे बारीक आवाजात. दुसरा म्हणजे सावकाश. मामांनी दुसरा धरला होता.

त्यांनी चौतीस वर्षांचा दंड मागे नेला आणि पूर्ण ताकदीने मला पहिला ठोका दिला. मग सावकाश, मनात पाच आकडे मोजून, दुसरा. पुन्हा पाच आकडे, आणि तिसरा.

जे झालं ते बघण्यासारखं होतं. मोबाईलवाल्या बाईचा नवरा झोपेतून ताडकन उठून ओरडला, "हजर, बाई!" ओवीचे बाबा विनीत आमच्याच शाळेचे. पहिल्या ठोक्याला ते उभे, दुसऱ्याला रांगेत, तिसऱ्याला पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी अंतरही घेतलं. पुढचा माणूसही आमच्याच शाळेचा असावा, कारण त्याने जरासुद्धा हरकत घेतली नाही. एक आजी प्रार्थनेला हात जोडून उभ्या राहिल्या. हशा असा पिकला की मिरच्या कुटणारे खिडकीत येऊन बघायला लागले.

"बाबा! हळू सांगितलं होतं ना!" रुपालीने त्यांचा हात धरला.

"हळूच मारलंय गो! मधे पाच-पाच मोजलंय!"

मीही हशाने फुगले होते. सहा वर्षांनी वाजले होते, आणि काय वाजले होते! तेवढ्यात श्रेयाचा आवाज आला. "ओवी कुठेय?"

चटई रिकामी होती.

हसू जागच्या जागी थांबलं. जिना बघितला, गॅलरी बघितली. शेवटी ती स्टेजखाली सापडली, मंडळाच्या दोन ढोलांच्या मधोमध, गुडघ्यांत डोकं घालून, कान दाबून. विनीत आत वाकून हाका मारत होते, पण त्यांचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. पाऊण तासाने ती बाहेर आली. तिच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

श्रेया रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रुपालीला हळूच म्हणाली, "ताई, अख्ख्या मुंबईत हिला ही एकच जागा मिळाली होती." आणि ते तिघं गेले.

मामांनी मला पिशवीत घातलं. घरी आल्यावर त्यांनी गणवेश काढला आणि त्याची घडी केली. मग रुपालीला म्हणाले, "चौतीस वर्सां कोणी बोलूक नाय, आवाज मोठो आसा म्हणान."

"मुलं कशी बोलतील, बाबा? तुम्ही शिपाईमामा होतात."

मामा खाली बघत म्हणाले, "कान झाकणारी पोरां होती गो. दर वर्सा एक तरी. मी मुद्दाम जोरात मारी. गंमत म्हणान."

मित्रांनो, मी धातूची आहे. मला शरमेने लाल होता येत नाही. पण त्या संध्याकाळी मामींनी मला परत पिंपावर ठेवलं, तेव्हा मला तिथे लपायला मिळालं म्हणून बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी मला गॅलरीत टांगलं आणि हळू मारायला शिकायला सुरुवात केली. वय वर्षं अडुसष्ट! तुम्हाला वाटेल, त्यात काय शिकायचं? पण त्या दंडाला एकच गोष्ट ठाऊक होती. पहिल्या ठोक्याला शेजारच्या खोलीतली आई मुलाचं दप्तर घेऊन बाहेर आली. दुसऱ्याला खालच्या मजल्यावरून शिव्या आल्या. मामांनी मोगरीवर मोजा चढवला. मग दोन मोजे. मग मामींच्या जुन्या नऊवारीची चिंधी गुंडाळली. शेवटी मामी परात सोडून बाहेर आल्या आणि त्यांनी मामांचा हात मनगटाशी धरला. "मारू नुको. नुसती टेकव. पोराच्या गालाक हात लावतत तशी."

मामांनी मोगरी टेकवली.

आणि माझ्यातून एक आवाज निघाला. खोल, गोल, गुणगुणल्यासारखा. तो भायखळ्यालाच काय, पलीकडच्या खोलीतसुद्धा पोचला नसता. सत्तर वर्षं माझ्या पोटात तो होता, आणि मला पत्ता नव्हता! मामी तशाच उभ्या राहिल्या. आत तव्यावर भाकरी करपली, तरी त्या हलल्या नाहीत.

मामांना वाटलं, आता जमलं. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि ते परळला ओवीच्या इमारतीत गेले. लिफ्ट बंद होती. चार मजले ते साडेसहा किलो घेऊन चढले. श्रेयाने दार उघडलं आणि पिशवी बघताच अर्धं लोटून घेतलं.

"काका, नको. नुसता विषय काढला तरी ती रडते."

"मी आत येत नाही, बाई," मामा म्हणाले. "वाजवत पण नाही. इथे पायरीवर बसतो."

त्यांनी मला टॉवेलवर आडवं ठेवलं आणि मोगरी उंबऱ्याच्या आत सरकवली. "ही ओवीकडे राहू दे. मग मला वाजवताच येणार नाही."

थोड्या वेळाने एक लहान हात बाहेर आला, त्याने मोगरी उचलली आणि दार बंद झालं. मामा अर्धा तास बसले आणि घरी आले.

"मोगरी खंय?" मामींनी विचारलं.

"जप्त झाली."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. या वेळी दार बोटभर उघडलं.

"तुम्ही हाताने वाजवणार?" आतून आवाज आला.

"नाही."

"पायाने?"

"नाही."

"डोक्याने?"

"डोकं फुटेल माझं. घंटेला काही होणार नाही."

दाराआड कोणीतरी फिस्सकन हसलं.

तिसऱ्या दिवशी ओवी मोगरी छातीशी धरून बाहेर आली आणि मामांच्या दोन पायऱ्या वर बसली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. मग तिने माझ्याबद्दल सत्तर वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. "हिचा आवाज कधी संपतो?"

मामा म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही. मी मारायचो आणि निघून जायचो."

"आणि बंद करायचा असला तर?"

"मग हात ठेवायचा तिच्यावर. लगेच बंद."

"मग तुम्ही त्या दिवशी का नाही ठेवला?"

चौतीस वर्षं नऊशे मुलांवर राज्य केलेल्या माणसाने दोन्ही कान पकडले. "चुकलो," ते म्हणाले. "तू ठेवून बघ."

त्यांनी मला दोरीने उचलून धरलं. ओवीने डावा हात माझ्या अगदी जवळ तयार ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने मला टिचकी मारली. मी जेमतेम 'टुं' म्हणाले, तोच तिचा तळहात माझ्यावर आला. गार, घामेजलेला, इवलासा तळहात. आणि मी थांबले. मला आजवर असं कोणी थांबवलं नव्हतं. ओवीने हात काढून माझ्याकडे बघितलं. पुन्हा टिचकी, पुन्हा तळहात. पुन्हा. पुन्हा. साठपर्यंत मी मोजलं. मामांनी हात बदलला, पण मला खाली ठेवलं नाही. मग ओवीने मोगरी घेतली.

श्रेया दारात उभी होती. ओवी स्वतः आवाज काढत होती आणि तिचा एकही हात कानावर नव्हता. श्रेयाने विनीतला फोन लावला आणि ती तो आमच्या बाजूला धरून उभी राहिली. पलीकडून विनीत ऑफिसातून विचारत होते, "काय गं? कसला आवाज? शाळा भरली का?"

पुढच्या रविवारपासून रुपालीने वर्गाचा नियमच बदलला. आवाज कोणीही काढो, तो बंद करायचा अधिकार मुलांचा. माझ्याजवळ ओवीची जागा ठरली. ती पाट घेऊन बसते, हात तयार ठेवते आणि मामांवर कडक नजर ठेवते.

"आजोबा, हा जोरात होता."

"चुकलो, बाई."

"परत घ्या."

मामा परत घेतात. वर्गातली मोठी माणसं तोंडात रुमाल कोंबून हसतात. ओवी हसत नाही. तिला काम असतं.

ती बरी झाली, जादू झाली, असं मी सांगणार नाही. त्या वर्षी गणपतीत ते वसईलाच गेले. कुकरची शिट्टी अजून तिला नको असते. फक्त आता ती स्वतः उठून गॅस बंद करते. श्रेया म्हणते, डाळ जरा कच्ची राहते, पण आम्ही खातो.

मित्रांनो, म्हाताऱ्या घंटेची एक विनंती ऐका. मला चिंचेने घासलं नाही तरी चालेल, तांदळाच्या पिंपावर ठेवलं तरी चालेल. पण तुमच्या शेजारी कोणी कान झाकून बसलं असेल, तर 'त्यात काय एवढं' असं म्हणून हसू नका. आवाज किती मोठा आहे, हे वाजवणाऱ्याला कळत नाही. मला सत्तर वर्षं कळलं नव्हतं. ते ऐकणाऱ्यालाच विचारावं लागतं.

मागच्या रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते. मामांनी मोगरी टेकवली. मी गुणगुणायला लागले. ओवीचा तळहात माझ्यापासून चार बोटांवर, नेहमीसारखा. सगळे वाट बघत होते. पण हात पुढे आला नाही. मी वाजत राहिले. माझा आवाज बारीक होत गेला, धाग्याएवढा झाला, मग त्याहूनही बारीक. चौदा कुटुंबं श्वास रोखून पडली होती. कोणी शिंकलंसुद्धा नाही. ओवीने हात मांडीवर ठेवला आणि कान माझ्याजवळ आणला.

मामांना आता कमी ऐकू येतं. थोड्या वेळाने त्यांनी खुणेनेच विचारलं, संपला?

ओवीने मान हलवली. नाही. अजून आहे.